रोपाचे पोषण आणि डोंगराची माती : महाड–पोलादपूर परिसरातील एका प्रश्नाचा इतिहास

रोपवाटिकेतील रोपाला कोणते अन्न लागते, हा प्रश्न सामान्यतः वनस्पतिशास्त्राचा आणि मृदारसायनाचा मानला जातो. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, याची कोष्टके तयार झाली की प्रश्न सुटला, अशी समजूत आढळते. परंतु रोपाला लागणारे अन्न कुठून तरी आणावे लागते. ते कोठून आणावे, कोणी आणावे आणि ते आणल्याने मूळ जागेचे काय होते, या प्रश्नांचे उत्तर कोष्टकात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. दक्षिण रायगडातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके अशा अभ्यासास विशेष अनुकूल आहेत. भाताचे रोप आणि वनवृक्षाचे रोप या दोहोंचे पोषण येथे दीर्घ काळ एकाच भांडारातून, म्हणजे डोंगरउतारावरील झाडोऱ्यातून आणि त्याखालील मातीतून, होत आले आहे. त्या भांडारावर हक्क कोणाचा, यावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. त्या वादातून जे शास्त्रीय ज्ञान हाती आले ते भाताच्या रोपापुरते मर्यादित नव्हते. पण वनवृक्षांच्या रोपवाटिकांनी त्याची दखल फारशी घेतली नाही.

या विषयाला आजचे निकडीचे महत्त्व प्राप्त करून देणारी घटना २२ जुलै २०२१ रोजी घडली. महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर अतिवृष्टीत दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे दगावली. त्यापूर्वी १६ वर्षे, जुलै २००५ मध्ये, महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांनी असाच घाला सोसला होता. अशा घटनांनंतर उतारांवर झाडे लावावीत ही मागणी स्वाभाविकपणे पुढे येते. मात्र दरड गेल्यावर उरलेल्या उघड्या उतारावर रोप जगेल कशावर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रथम या प्रदेशाच्या मातीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांचे हे खोरे बेसाल्ट खडकाचे असून त्यावर ठिकठिकाणी जांभा आणि तांबडी माती आहे. वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याचे मान ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. एवढ्या पाण्याने मातीतील चुना, पालाश आणि नत्राचे विद्राव्य क्षार वाहून जातात. मागे राहतात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे. ती स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवतात की मातीत स्फुरद असूनही मुळांना तो मिळत नाही. म्हणून अशा उतारावरील सुपीकता खोल मातीत फारशी नसते. ती वरच्या काही इंचांत, पालापाचोळ्याच्या कुजण्यात आणि मुळांच्या जाळ्यात असते. पान गळते, कुजते, त्यातील द्रव्ये पुन्हा मुळे शोषून घेतात. हे चक्र चालू आहे तोवर हिरवेगार दिसणारे रान वस्तुतः फार थोड्या भांडवलावर चाललेले असते.

कोकणातील शेतकऱ्याने हे भांडवल खाचरापर्यंत आणण्याची जी पद्धत बसविली तिचे नाव राब. भाताचे रोप तयार करण्यासाठी राखून ठेवलेल्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरावयाचे, त्यावर ऐन व इतर झाडांच्या तोडून वाळविलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, रचावयाची, तिच्यावर गवत वा पाचोळा घालावयाचा आणि शेवटी बारीक मातीचा थर द्यावयाचा. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही. ती धुमसत राहते आणि खालची जमीन चांगली तापते. मृगाच्या पावसाबरोबर या भाजलेल्या जागेत बी पेरतात आणि रोप हाताला आले की ते उपटून खाचरात लावतात. भाजलेली जागा आणि तीत वाढणारे रोप या दोहोंशी राब हा शब्द निगडित आहे; कोकणात अन्यत्र दाढ, तरवा हे शब्दही चालतात. लहानशा तुकड्यावर पुष्कळ अन्न एकवटावयाचे आणि रोपाचा पहिला महिना निभावून न्यावयाचा, हे या पद्धतीचे मर्म होय. सबंध खाचराला पुरेल इतके खत शेतकऱ्याजवळ नव्हते. पण रोपाला पुरेल इतके तो डोंगरावरून डोक्यावर वाहून आणू शकत होता. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. भातजमिनीच्या जोडीला वरकस जमीन असावी, ही व्यवस्थाही मुख्यतः राबाच्या सामग्रीसाठी होती. (कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली देण्यात आले.)

१८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित वनांची आखणी होऊ लागली तेव्हा ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत पहिला खटका उडाला तो कवळतोडीवरून. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने राब म्हणजे वृक्षांचा संहार होता. दरवर्षी छाटली गेलेली झाडे वेडीवाकडी वाढतात आणि त्यांच्यापासून इमारती लाकूड मिळत नाही, ही त्यांची तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. शेतकऱ्यांचे म्हणणेही तितकेच साधार होते : राबाविना रोप नाही आणि रोपाविना भात नाही. तक्रारी वाढल्या, सभा झाल्या, वृत्तपत्रांतून चर्चा झाली, आणि १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांचे वनविषयक हक्क आणि सवलती हा त्याच्या चौकशीचा विषय होता आणि राबाचा प्रश्न तीत अग्रभागी होता.

वादाचे शास्त्रीय अंग मात्र तोवर अंधारातच होते. राब खरोखर आवश्यक आहे की ती केवळ जुनी सवय आहे, याचा निर्णय प्रयोगाविना होणे शक्य नव्हते. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे अधिकारी ओझॅन यांनी या दिशेने प्रयोग केले. त्यानंतर इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ च्या अखेरीपासून वर्षभर हिंदुस्थानचा दौरा केला आणि १८९३ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात राबाचीही दखल घेतली. देशी शेतकऱ्याची रीत अडाणी ठरविण्यापूर्वी तिच्यामागील कारण शोधले पाहिजे, ही व्होल्कर यांची एकंदर भूमिका होती. वनांनी शेतीची गरज भागवावी आणि जळण व चारा यांसाठी वेगळी राने राखावीत, असाही त्यांचा आग्रह होता. १८९४ च्या वनधोरणविषयक ठरावात शेतीच्या गरजांना जे स्थान मिळाले त्यामागे या विचाराचा मोठा भाग होता.

राबाचे खरे पृथक्करण पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात झाले. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर एक प्रबंध लिहिला; तो १९१२ साली हिंदुस्थानच्या शेतकी खात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. राबाचा गुण केवळ राखेतील क्षारांनी उलगडत नाही, माती तापण्यालाही त्यात महत्त्वाचा वाटा आहे, हे या अभ्यासाचे सार होय. माती तापली की तिच्यातील सेंद्रिय आणि खनिज द्रव्यांचा विद्राव्य अंश वाढतो आणि कोवळ्या रोपाला तो तत्काळ उपलब्ध होतो. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीत अमोनियाचे प्रमाण वाढून पिकाची वाढ जोमाने होते, असे दाखविले होते. त्यांनी दिलेले कारण, म्हणजे मातीतील आदिजीवांचा नाश होऊन जंतूंना मोकळीक मिळते हे मत, पुढे पूर्णपणे टिकले नाही. परंतु निरीक्षण पक्के होते. अशा रीतीने सह्याद्रीच्या पायथ्याची एक जुनी रीत आणि युरोपातील प्रयोगशाळेतील एक नवा शोध एकाच मुद्द्यावर येऊन मिळाले.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात राबाचा जमाखर्च असा मांडता येईल. राखेने चुना, पालाश आणि काही स्फुरद मिळतो. मातीची आम्लता तात्पुरती कमी होते. उष्णतेने तणांचे बी आणि काही रोगजंतू मरतात. अमोनियारूप नत्र मोकळा होतो. खर्चाची बाजू मात्र मोठी आहे. कवळ आणि शेण यांतील नत्राचा बहुतेक भाग धुराबरोबर हवेत जातो आणि उतारावर जो पाला कुजून पुन्हा झाडाला मिळावयाचा तो कायमचा खाली येतो. म्हणजे रोपाच्या दृष्टीने राब उत्तम, उताराच्या दृष्टीने तो उणे. शेतकऱ्याचे आणि वनाधिकाऱ्याचे म्हणणे एकाच वेळी खरे होते, याचे कारण या दुहेरी हिशेबात आहे. वादात दोन्ही पक्षांनी आपापली एकच बाजू मोजली.

येथे वनखात्याच्या स्वतःच्या रोपवाटिकांकडे वळणे इष्ट ठरते. हिंदुस्थानातील सागाच्या पद्धतशीर लागवडीचा आरंभ १८४० च्या दशकात मलबारातील निलांबूर येथे झाला. जिल्हाधिकारी कॉनोली यांच्या पुढाकाराने चातू मेनन यांनी ते काम उभे केले. सागाच्या फळाचे कठीण कवच ही तेथली पहिली अडचण. बी रुजविण्यातच पुष्कळ यत्न खर्ची पडले. ब्रह्मदेशात १८५६ पासून डिट्रिश ब्रँडिस यांनी दुसरा मार्ग चोखाळला. करेन शेतकऱ्यांच्या फिरत्या शेतीत, जाळलेल्या रानाच्या राखेत, पिकाबरोबरच सागाचे बी पेरावयाचे. हीच टौंग्या पद्धत होय. तिच्यात स्वस्त मजुरीचा लाभ होता हे खरे, पण वनस्पतीच्या दृष्टीने पाहता तिचे बळ राबाच्याच तत्त्वात होते : तापलेली माती, राख आणि तणांपासून काही काळ मुक्तता. कोकणात कातकऱ्यांची दळी आणि कुणब्यांचा राब ही वनाची हानी ठरत असता ब्रह्मदेशात तीच आग वनसंवर्धनाचे साधन म्हणून मान्य झाली होती. या दोन्ही गोष्टींचा विचार त्या काळी एकत्र झाला असता तर रोपपोषणाचे शास्त्र कदाचित लवकर आकारास आले असते.

तसे घडले नाही. १९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था स्थापन झाली. १९२१ साली ट्रूप यांचा भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरील त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. बीजप्रक्रिया, सावली, पाणी, अंतर, पुनर्लागवड यांविषयी विपुल माहिती जमली. परंतु रोपाच्या अन्नाविषयी रोपवाटिकेतील व्यवहार मुख्यतः अनुभवावरच चालला. साग लावण्यासाठी रूढ झालेल्या खोडमुळ्यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. रोप वर्षभर वाफ्यात वाढवावयाचे, मग त्याचा शेंडा छाटून अंगठ्याएवढे जाड मूळ आणि दोनतीन सेंटिमीटर खोड ठेवावयाचे, आणि तेवढेच पावसाच्या आरंभी लावावयाचे. रोपाने वाफ्यात साठविलेले अन्न मुळाच्या रूपाने लागवडीच्या जागी पोचविण्याची ही युक्ती होती. तिने जागेच्या निकृष्टतेवर काही काळ मात करता येई. पण ते अन्न वाफ्याच्या मातीतूनच आलेले असे आणि दरवर्षी त्याच वाफ्यातून रोपे काढली की माती निःसत्त्व होत जाई. मग वाफ्यात शेणखत आणि रानातील कुजलेल्या पाल्याची माती आणून घालावी लागे. वाफा वनखात्याचा असो वा राब शेतकऱ्याचा असो, ओझे त्याच उतारावरून खाली येत होते.

आगीवाचून हाच लाभ मिळविण्याचा मार्ग पुढे कंपोस्टने दाखविला. इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थ कुजविण्याची जी रीत बसविली तिचे विवरण त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात आहे. पाला जाळण्याऐवजी कुजविला तर नत्र पुष्कळ अंशी वाचतो, हा तिचा राबाच्या संदर्भातील अर्थ. कोकणच्या भातशेतीत विसाव्या शतकाच्या अखेरीस एन. के. सावंत यांनी पुरस्कारिलेली चारसूत्री पद्धत याच धारेतील आहे. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळावयाची आणि बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडावयाचा, ही तिची पहिली दोन सूत्रे. यातील ऐतिहासिक मुद्दा असा की, रोपाचे अन्न आता डोंगरावरून येण्याऐवजी खाचरातून आणि बांधावरून येऊ लागले. राबाच्या वादाचे सोडविता येण्यासारखे उत्तर हेच होते. ते मिळण्यास शंभर वर्षे लागली.

वनवृक्षांच्या रोपवाटिकेत तशी स्पष्ट दिशा आली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी वाफ्याची जागा घेतली. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत हे मिश्रण सर्वत्र रूढ झाले. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने कोकणच्या वरकस जमिनीवर आंबा आणि काजू यांचा विस्तार केला. २०१६ ते २०१९ या काळात राज्याचे वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २ कोटींवरून ३३ कोटींपर्यंत वाढविण्यात आले. एवढ्या पिशव्यांत भरावयाची सुपीक माती कोठली, हा प्रश्न त्या आकड्यांत दिसत नाही. प्रत्येक पिशवी म्हणजे कोठल्या तरी वरच्या थरातून उचललेली ओंजळभर जमीन असते.

दुसरीकडे शास्त्र पुढे गेले होते. स्वीडनमधील तोर्स्टेन इंगेस्टाड यांनी १९७० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले की, रोपाची गरज स्थिर नसते; ते जसजसे वाढते तसतशी त्याच प्रमाणात वाढते. म्हणून एकदाच भरपूर खत देण्यापेक्षा वाढीच्या गतीने वाढत जाणारी मात्रा अधिक उपयुक्त ठरते. आरंभीचे अतिरिक्त खत पावसाने धुपून जाते अथवा कोवळी मुळे जाळते. नत्र अवाजवी झाल्यास पाने फोफावतात, मुळे मागे पडतात आणि असे रोप उन्हाळ्यात प्रथम मरते. जातीजातींतील भेदही मोठे आहेत. आंब्याच्या कोयीत पहिल्या काही आठवड्यांचे अन्न साठविलेले असते, तर बारीक बियांच्या जातींना ते जवळजवळ पहिल्या दिवसापासून मातीतून मिळवावे लागते. सागाला चुन्याची गरज अधिक असून आम्ल जांभ्यावर तो खुरटतो. खैर हा शेंगाकुळातील वृक्ष. मुळांवरील गाठींतील जंतूंच्या साह्याने तो हवेतील नत्र मिळवू शकतो, पण त्यासाठी योग्य जंतू मातीत असावे लागतात आणि स्फुरदही लागतो. स्फुरदाच्या बाबतीत अनेक उष्णकटिबंधीय वृक्षांचा मुख्य आधार म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी अशा सहजीवनाला मायकोऱ्हायझा हे नाव दिले. तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील स्फुरद आणून देतात. रानातील मातीची मूठभर भर रोपवाटिकेत उपयोगी पडते, या जुन्या अनुभवाचे एक कारण या बुरशीत आहे. आणि त्यासाठी मूठभर पुरते, गाडाभर लागत नाही.

आता तळीयेसारख्या उताराचा विचार केला म्हणजे या सर्व इतिहासाचा अर्थ स्पष्ट होतो. दरड कोसळते तेव्हा वरचा थर, म्हणजे पाला, मुळे, बुरशी आणि सेंद्रिय द्रव्य यांसह सगळे भांडवलच, खाली जाते. उरतो तो विदीर्ण खडक आणि निकृष्ट अधोमृदा. पोर्टो रिकोमधील एका दरडीवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा जागी पोषकद्रव्यांची उणीव ही वनस्पतींच्या वाढीतील मोठी अडचण असल्याचे दिसून आले. पिशवीत लाडाने वाढलेले रोप अशा जागी लावले की पिशवीतील माती पुरते तोवर ते तग धरते. पुढे त्याची उपासमार सुरू होते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मेलेल्या रोपाचा दोष सहसा पाण्याच्या टंचाईवर टाकला जातो; परंतु अन्नाअभावी मुळे खोल गेलीच नाहीत, म्हणून पाणी मिळाले नाही, अशीही कारणपरंपरा असू शकते.

झाडे लावली की दरडी थांबतील, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. खडकाची रचना, उताराचा कोन, पाण्याचा निचरा आणि काही तासांत कोसळणारा पाऊस यांपुढे मुळांचे बळ मर्यादित असते. खोलवर सरकणाऱ्या दरडीला ती अडवू शकत नाहीत. वस्तीची जागा निवडताना या मर्यादेचे विस्मरण होणे घातक ठरेल. तथापि उथळ माती धरून ठेवणे, धूप कमी करणे आणि पाल्याचे चक्र पुन्हा सुरू करणे हे कार्य वनस्पती करतात, आणि त्यासाठी त्या प्रथम जगल्या पाहिजेत.

राबाच्या शंभर वर्षांच्या वादातून रोपवाटिकेसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. रोपाची गरज त्याच्या जातीनुसार आणि वयानुसार मोजावी. ती भागविण्याचे द्रव्य उतारावरून न आणता खालच्या शेतातील, बांधावरील आणि गावातील टाकाऊ पदार्थांतून निर्माण करावे. डोंगराकडून घ्यावयाचे ते केवळ बी आणि मूठभर जिवंत माती. आणि रोप रोपवाटिकेतून बाहेर पडले म्हणजे पोषणाची जबाबदारी संपली असे न मानता, लागवडीच्या खड्ड्यात पुढील दोनतीन पावसाळ्यांची तरतूद करावी. १८८७ च्या आयोगापुढे शेतकरी आणि वनाधिकारी एकाच पाल्यासाठी भांडत होते. तो पाला उतारावरच राहू देऊन रोप वाढविता येते, हे आज ज्ञात आहे. हे ज्ञान वापरावयाचे की रोपांच्या संख्येवर समाधान मानावयाचे, याचा निर्णय महाड–पोलादपूरच्या प्रत्येक रोपवाटिकेत दरवर्षी माती भरतानाच होत असतो.